रेड : स्वस्त डिस्कचा हिशेब

'रेड' म्हटलं की आपल्याकडे आधी इन्कमटॅक्सवाले डोळ्यासमोर येतात. ही रेड ती नव्हे. ही आर-ए-आय-डी अशा चार अक्षरांची. अनेक हार्ड डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यांच्याकडून एका मोठ्या, सहजासहजी न बुडणाऱ्या डिस्कचं काम करून घ्यायचं, अशी ती पद्धत. घरात फोटो आणि व्हिडिओंचा ढीग साठला की नात्यातलं कोणीतरी "दोन डिस्कचा डबा घेऊ की चार डिस्कचा?" असं विचारतंच, आणि मग जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा दुकानदाराचं असतं. मला त्या प्रश्नाइतकाच त्याच्या मागचा इतिहास रंजक वाटतो. या चार अक्षरांपैकी एका अक्षराचा अर्थ मध्येच बदलला, आणि तो पैशांपायी बदलला. शिवाय १९८८ साली जो सगळ्यात महागडा पर्याय होता, तोच वीस-पंचवीस वर्षांत साध्या माणसासाठी शहाणपणाचा ठरला. हे कसं झालं ते सांगतो. थोडी आकडेमोड आहे, पण किराणा मालाच्या यादीपेक्षा अवघड काही नाही.

गोष्ट १९५६ पासून सुरू होते. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या लोकांनी रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, वजन टनाच्या वर, आणि मावायची किती तर ५० लाख अक्षरं. आजच्या मापात पावणेचार एमबी, म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा फोटो! ही डिस्क ज्या रॅमॅक यंत्रणेचा भाग होती तिचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर होतं.

पुढची तीस वर्षं शहाणपण एकच : डिस्क मोठी करा, आणखी मोठी करा. १९८० मध्ये आयबीएमची ३३८० आली. अडीच जीबी, आणि मॉडेलप्रमाणे किंमत ८१,००० ते १,४२,२०० डॉलर. हिच्यासाठी खास थंड केलेली खोली, खास वीज, खास माणसं. बँका आणि विमा कंपन्या हे पैसे मुकाट्याने मोजत, कारण दुसरा इलाज नव्हता.

गंमत अशी की त्याच १९८० साली सीगेटने सव्वापाच इंची छोटी डिस्क काढली होती. ५ एमबीची, १,५०० डॉलरची. दर एमबीला ३०० डॉलर पडत होते, म्हणजे मोठ्या डिस्कच्या मानाने ही महागच. तिच्याकडे मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांनी का पाहावं? पण १९८१ मध्ये आयबीएमचाच पीसी आला, छोट्या डिस्क लाखांनी खपायला लागल्या, आणि जी वस्तू लाखांनी खपते तिची किंमत कुठे जाते हे आपण ट्रान्झिस्टर रेडिओपासून पाहिलेलं आहे.

सात वर्षांनी चित्र काय झालं, ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तिघांनी कागदावर मांडलं. डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ हे प्राध्यापक, आणि गार्थ गिब्सन हा त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी. डिसेंबर १९८७ मध्ये विद्यापीठाचा अंतर्गत अहवाल निघाला, आणि जून १९८८ मध्ये शिकागोच्या सिगमॉड परिषदेत तो निबंध सादर झाला. (याच पॅटरसन यांना पुढे २०१७ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, पण तो प्रोसेसरवरच्या कामासाठी.) निबंधाच्या पहिल्या तक्त्यात दोन टोकं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एकीकडे ३३८० ची तेव्हाची मोठी आवृत्ती : १४ इंची तबकड्या, ७,५०० एमबी, एमबीला १० ते १८ डॉलर, ६,६०० वॅट वीज, २४ घनफूट जागा. दुसरीकडे कॉनर कंपनीची साडेतीन इंची छोटी डिस्क : १०० एमबी, एमबीला ७ ते १० डॉलर, १० वॅट, ०.०३ घनफूट.

आता गुणाकार करा. ७५ छोट्या डिस्क एकत्र केल्या की मोठीएवढी जागा झाली. वीज ६,६०० वॅटच्या ऐवजी ७५०. जागा २४ घनफुटांच्या ऐवजी सव्वादोन. पैसे ७५ हजार ते १ लाख ३५ हजार डॉलरच्या ऐवजी साडेबावन्न ते ७५ हजार. आणि ७५ डिस्कची ७५ डोकी एकाच वेळी वाचत असल्यामुळे कामाचा उरक कागदोपत्री बारापट! मोठ्या डिस्कला त्यांनी 'स्लेड' असं टोपणनाव दिलं, म्हणजे 'एकच मोठी महाग डिस्क'. आणि आपल्या कल्पनेला 'रेड', म्हणजे 'स्वस्त डिस्कचा राखीव व्यवस्थेसह समूह'. यातला 'आय' म्हणजे इनएक्स्पेन्सिव्ह, स्वस्त. हे अक्षर लक्षात ठेवा.

इथवर सगळं गोड. पण एक मेख होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं होतं, मोठीसुद्धा तेवढीच. तीस हजार तास म्हणजे तीन वर्षांहून थोडं अधिक. पण अशा १०० डिस्क एकत्र चालवल्या तर त्यांपैकी कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत उडणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! एकत्र कुटुंबात माणसं वाढली की घरात सतत कोणी ना कोणी आजारी असतंच, तसं. आणि माहिती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवलेली असल्यामुळे एक उडाली की सगळा संसार बसला. म्हणजे नुसत्या स्वस्त डिस्क जोडून भागणार नव्हतं. वाचवलेल्या पैशातले काही पैसे सुरक्षिततेवर घालणं भाग होतं. किती घालायचे, हाच रेडचा खरा प्रश्न. त्या निबंधातल्या 'लेव्हल १', 'लेव्हल ५' वगैरे पायऱ्या या प्रश्नाचीच वेगवेगळी उत्तरं आहेत.

सगळ्यात सोपं उत्तर आरशाचं. प्रत्येक डिस्कला एक जुळी बहीण, दोघींवर तेच लिहायचं. हे काही बर्कलीचं संशोधन नव्हे. टँडेम कंपनी १९७० च्या दशकापासून बँकांना अशा जोड-डिस्कची यंत्रं विकत होती. निबंधात याला लेव्हल १ म्हटलं आहे आणि मांडलेल्या पर्यायांमधला हा सर्वांत महाग असं स्वच्छ सांगितलं आहे. १०० डिस्कची माहिती ठेवायची तर आणखी १०० घ्या.

दुसरं उत्तर बेरजेचं. किराण्याची यादी समजा : तांदूळ ४०, डाळ ९०, तेल ११०, गूळ ६०, एकूण ३००. चहा सांडला आणि डाळीचा आकडा पुसला गेला. काही बिघडलं का? ३०० मधून बाकीचे २१० वजा करा, डाळ ९०. एवढंच! चार डिस्कवर माहिती आणि पाचवीवर तिची बेरीज. (प्रत्यक्षात बेरीज सम-विषमची असते, पण तत्त्व तेच.) कुठलीही एक डिस्क उडाली तरी उरलेल्या चारांवरून ती पुन्हा लिहून काढता येते. ही युक्तीसुद्धा आधी सुचलेली होती. आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्ये तिचं पेटंट मिळालेलं आहे. बर्कलीकरांनी जुन्या युक्त्या एका रांगेत मांडल्या, प्रत्येकीचा खर्च आणि फायदा एकाच तक्त्यात बसवला आणि नाव दिलं. बारशाचं महत्त्व कमी लेखू नये.

रांगेतल्या लेव्हल २, ३ आणि ४ सोडून देतो. आज त्या भेटल्या तरी क्वचित. लेव्हल ५ मध्ये बेरीज एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने ठेवतात, म्हणजे एकीवर लिहायचा सगळा भार पडत नाही. आता निबंधातला खर्चाचा हिशेब बघा. १०० डिस्कची माहिती, दहा-दहांचे गट, प्रत्येक गटाला एक जादा. आरशाला १०० जादा डिस्क लागतात, लेव्हल ५ ला १०. त्या वेळी अशी एक डिस्क ७०० ते १,००० डॉलरला पडत होती. म्हणजे जादाच्या डिस्कवर ७० हजार ते १ लाख डॉलर, की ७ ते १० हजार? आणि बदल्यात किती सुरक्षितता? आरशाने सगळा समूह सरासरी ५०० हून अधिक वर्षं माहिती न गमावता चालेल, लेव्हल ५ ने ९० हून अधिक. कुठला कॉम्प्युटर ९० वर्षं वापरायचा आहे? हिशेब एकतर्फी होता. लेव्हल ५ जिंकली, आणि जिंकायलाच हवी होती.

तरी तिच्यात एक कुरकुर पहिल्यापासून होती. गुळाचा भाव बदलला की एकूणही बदलायला लागते. त्यासाठी जुना गूळ वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा गूळ लिहा, नवी बेरीज लिहा. एका छोट्या बदलाला चार हेलपाटे. आरशात दोनच. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ते ९० वर्षांचं गणित एका गृहीतावर उभं होतं : उडालेली डिस्क एका तासात बदलून, भरून तयार होईल. हा एक तास पुढे फार महाग पडणार होता.

बर्कलीच्या लोकांनी मग खरंच यंत्र बांधलं. १९८९ मध्ये सन कंपनीच्या कॉम्प्युटरला २८ डिस्क जोडल्या. एकेक डिस्क सेकंदाला १.३ एमबी देत होती, तर २८ मिळून काय मिळावं? प्रोग्रॅमच्या हातात पडले २.३ एमबी. अठ्ठावीस जणांनी आणलेलं पाणी एकाच नरसाळ्यातून! डिस्क स्वस्त होत्या, पण त्यांच्यामागची मेमरी, तारा, कंट्रोलर यांना तो भार पेलत नव्हता. मग त्यांनी दुसरं यंत्र बांधलं, त्यात डिस्कची माहिती कॉम्प्युटरच्या मेमरीला वळसा घालून थेट नेटवर्ककडे नेली.

आता त्या 'आय'कडे वळू. ईएमसी नावाच्या कंपनीने १९९० मध्ये छोट्या डिस्कनी भरलेलं सिमेट्रिक्स नावाचं कपाट काढलं, २४ जीबीचं, आणि थेट आयबीएमच्या अंगणात जाऊन विकलं. काही वर्षांतच त्या बाजाराचा मोठा हिस्सा आयबीएमच्या हातून निसटला. इतर कंपन्याही आल्या. पण या कपाटांची किंमत आतल्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असायची. त्यात दोन-दोन कंट्रोलर, बॅटरीवर तग धरणारी मेमरी, दोन वीजपुरवठे, मध्यरात्री धावून येणारा इंजिनिअर आणि अर्थात विक्रेत्याचा सूट-टाय. एवढे पैसे घेऊन गिऱ्हाइकाला 'हा स्वस्त डिस्कचा समूह आहे' असं कुठल्या तोंडाने सांगणार? १९९० च्या दशकात 'आय'चा अर्थ हळूच 'इंडिपेंडंट', म्हणजे स्वतंत्र, असा झाला. मूळ लेखकांनाही १९९४ च्या आपल्या आढावा लेखात या नव्या अर्थाची नोंद घ्यावी लागली. पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांत तोच अर्थ छापला गेला आणि परीक्षेत तोच लिहून मुलं पास झाली!

मला या बदलात नुसती लबाडी दिसत नाही. बँकेला डिस्क नकोच होती. सोमवारी सकाळी दहा वाजता खिडकी उघडल्यावर खात्यातले आकडे जागच्या जागी असावेत, एवढंच तिला हवं होतं, आणि ते ती विकत घेत होती. मराठीत किंमत आणि मोल असे दोन शब्द आहेत ते बरंच आहे. डिस्कची किंमत उतरत होती, आकड्यांचं मोल चढत होतं, आणि विक्रेते मोलाप्रमाणे पैसे लावत होते.

या महाग कपाटांना स्पर्धा आली ती सॉफ्टवेअरकडून. बेरजा करायला पूर्वी वेगळं कार्ड लागे, कारण कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर तेवढ्याने दमायचा. तो दमेनासा झाल्यावर कार्डाची गरज संपत गेली. व्हेरिटास कंपनीच्या व्हॉल्यूम मॅनेजरने युनिक्सच्या मोठ्या यंत्रांवर हे काम सॉफ्टवेअरने केलं. (या कंपनीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं, त्यामुळे हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरातल्या जेवणावर या विषयाची उपकारं आहेत! तिथल्याच काही जुन्या लोकांनी २००८ मध्ये पुण्यात द्रुवा ही बॅकअपची कंपनी काढली.) लिनक्समध्ये तर ही सोय फुकट आली. नील ब्राउन यांचं 'एमडीअ‍ॅडम' २००१ पासूनचं. आणि २००५ मध्ये सनने झेडएफएस खुलं केलं, त्यात आणखी एक शहाणपण होतं : प्रत्येक तुकड्याची खूण वेगळी जपून ठेवायची. आरशातल्या दोन प्रती एकमेकींशी जुळेनाशा झाल्या तर खरी कुठली हे साध्या आरशाला कळत नाही. या खुणेमुळे ते कळतं.

पण खरा उलटफेर डिस्कच्या आतच चालला होता. १९८८ ची कॉनरची डिस्क १०० एमबीची, वेग सेकंदाला १ एमबी. म्हणजे अख्खी डिस्क वाचायला शंभर सेकंद, दोन मिनिटांच्या आत. आजची २० टीबीची डिस्क घ्या, वेग सेकंदाला २५० एमबी धरा. ८०,००० सेकंद. सव्वाबावीस तास, आणि तेसुद्धा दुसरं काहीही काम न करता. साठवणूक दोन लाख पट वाढली आणि वेग अडीचशे पट. घागर विहिरीएवढी झाली, पण तोंड घागरीचंच राहिलं. निबंधातला तो 'एक तास' इथे मोडून पडला.

लेव्हल ५ मध्ये एक डिस्क उडाली की नवी भरण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचाव्या लागतात. आरशात फक्त तिची एक बहीण. दिवसभर चाललेल्या या वाचनात दुसरी एखादी डिस्क दगावली, किंवा कुठल्याशा कोपऱ्यात एक तुकडा वाचता आला नाही, तर? स्वस्त डिस्कच्या माहितीपत्रकात असं न-वाचता-येणं १००००००००००००००, म्हणजे एकावर चौदा शून्यं, एवढ्या बिटांमागे फार तर एकदा, असं लिहिलेलं असायचं. हा आकडा प्रचंड वाटतो खरा, पण आठाने भागा : साडेबारा टीबी. २००७ मध्ये रॉबिन हॅरिस यांनी यावर लेख लिहिला की रेड ५ ची उपयुक्तता २००९ मध्ये संपणार. दोन-दोन टीबीच्या सात डिस्क, एक उडाली, उरलेल्या सहांमधून १२ टीबी वाचायचे, म्हणजे जवळजवळ ठेच लागणारच! भाकीत अक्षरशः खरं ठरलं नाही. माहितीपत्रकातला आकडा ही सर्वांत वाईट मर्यादा असते आणि प्रत्यक्षात असंख्य डबे सुखरूप भरून निघाले. पण दिशा बरोबर होती.

डेटाबेसवाल्यांचं भांडण तर आधीपासून चालू होतं. ओरॅकल सांभाळणाऱ्या जेम्स मॉर्ल आणि मोगेन्स नॉरगार्ड या दोघांनी 'बार्फ' नावाची मोहीमच काढली होती : 'रेड ५ (किंवा ४) विरुद्ध लढा'. त्यांची तक्रार त्या चार हेलपाट्यांची. जागा वाचवायला तुम्ही रेड ५ घेता, वेग कमी पडतो म्हणून त्यावर महाग मेमरी घालता, आणि एवढं करून अडचणीच्या दिवशी तो डबा आणखी मंद होतो, मग वाचलं काय? मला हा युक्तिवाद पटतो. डिस्क १,००० डॉलरची असताना केलेली काटकसर डिस्क १०० डॉलरची झाल्यावरही निव्वळ सवयीने चालू राहिली होती.

एका बेरजेने भागेना तेव्हा दुसरी आली. यादीत नुसती एकूण न लिहिता आणखी एक बेरीज लिहायची : तांदूळ एकपट, डाळ दुप्पट, तेल तिप्पट, गूळ चौपट. आता कुठलेही दोन आकडे पुसले गेले तरी शाळेतल्या बीजगणिताने दोन्ही काढता येतात. ही रेड ६. मागचं गणित इरव्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्येच केलेलं होतं. नेटअ‍ॅप कंपनीच्या लोकांनी २००४ मध्ये तिरप्या बेरजेची वेगळी पद्धत मांडली. मोठ्या डिस्कच्या मोठ्या डब्यांत आता रेड ६ किंवा तिच्या चुलत बहिणी असतात.

यानंतर २००७ मधला एक अभ्यास, आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत आवडता प्रसंग वाटतो. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातल्या सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. हो, तोच गिब्सन. १९८८ चा विद्यार्थी आता कार्नेगी मेलन विद्यापीठात प्राध्यापक झाला होता आणि आपल्याच निबंधातली गृहीतं तपासत होता. कंपन्या सांगत, आमची डिस्क दहा ते पंधरा लाख तास टिकते, म्हणजे वर्षाला शंभरात फार तर ०.८८ बदलाव्या लागतील. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी २ ते ४ बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी १३ पर्यंत. आणि दुसरं म्हणजे महाग 'एंटरप्राइज' डिस्क आणि स्वस्त साटा डिस्क यांच्या बदलण्याच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक दिसला नाही. त्या 'आय'चा मूळ अर्थ बरोबर होता म्हणायचा.

गूगलने हे आधीच ओळखलं होतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या फाइल सिस्टिमच्या निबंधात बेरीजबिरीज काही नाही. साधे कॉम्प्युटर, साध्या डिस्क, आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर. १९८८ च्या दृष्टीने ही आरशापेक्षाही मोठी उधळपट्टी! पण डबा, कंट्रोलर, इंजिनिअर या सगळ्याला त्यात चाट होती. बॅकब्लेझ या छोट्या कंपनीने २००९ मध्ये आपला लाल डबा कसा बांधला ते जाहीर केलं : दीड टीबीच्या ४५ डिस्क, पंधरा-पंधराचे तीन गट, प्रत्येक गटात दोन डिस्क राखीव बेरजांसाठी. ६७ टीबी, ७,८६७ डॉलरमध्ये. कॉनरच्या १९८८ च्या भावाने तेवढ्या डॉलरांत साधारण एक जीबी आला असता.

किंमत कायम उतरतच राहते या भ्रमाला २०११ मध्ये धक्का बसला. थायलंडच्या पुरात वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. बॅकब्लेझची माणसं दुकानादुकानांतून घरगुती यूएसबी डिस्क विकत घेऊन त्या फोडून आतली डिस्क काढत होती, कारण तेच स्वस्त पडत होतं.

आणि वर्तुळ आणखी थोडं फिरलं. प्रती करत बसणं फार मोठ्या आकाराला परवडत नाही. फेसबुकचे जुने फोटो, जे कोणी पाहत नाही पण टाकताही येत नाहीत, ते तीन प्रती आणि प्रत्येक प्रत रेड ६ वर, असे धरून मूळ आकाराच्या ३.६ पट जागा खात होते. २०१४ मध्ये त्यांनी 'एफ-४' नावाची पद्धत मांडली, तीत रीड-सॉलोमनच्या बेरजा वापरून हे प्रमाण २.१ वर आणलं. हजारो डिस्क असल्या की काटकसरीचं गणित पुन्हा जुळतं, कारण एक उडाली तर भरून काढायला शेकडो जणी मदतीला येतात. चार डिस्कच्या घरगुती डब्याला ही चैन नाही.

म्हणून आता घरच्या डब्याकडे. समजा ८ टीबीची सोय हवी. आठ-आठच्या दोन डिस्क आरसा करून लावा, किंवा चार-चारच्या तीन रेड ५ मध्ये. दुसऱ्यात विकत घेतलेले टीबी १२, पहिल्यात १६. कागदावर रेड ५ स्वस्त. पण तिला जास्त खणांचा, म्हणून महाग डबा लागतो. एक डिस्क चोवीस तास चालू ठेवली तर सहा वॅट धरून वर्षाला ५० हून थोडी अधिक युनिटं खाते, आणि तिसरी डिस्क ती युनिटं दरवर्षी मागते. डबा स्वतःच मेला तर साध्या आरशातली एक डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की बहुतेक वेळा माहिती वाचता येते. रेड ५ ची एकटी डिस्क म्हणजे यादीतला दर तिसरा आकडा, तिचा काही उपयोग नाही. चार डिस्क असतील तर रेड ६ आणि जोड्यांची रेड १०, दोन्हींत दोनच डिस्कइतकी जागा मिळते. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन उडाल्या तरी चालतात, रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन उडाल्या तर चालत नाही, पण ती भरून लवकर निघते.

आणि आरसा काय, बेरीज काय, ही सगळी डिस्क उडण्यावरची औषधं आहेत. चुकून पुसलेला फोटो आरशातही त्याच क्षणी पुसला जातो. खंडणी मागणारा व्हायरस दोन्ही प्रतींना कुलूप लावतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्याच्या घरात शिरलेलं पाणी डब्यातल्या जुळ्या बहिणींपैकी एकीलाच भिजवून थांबत नाही.

तेव्हा तीन सारख्या डिस्क घ्यायची ऐपत असेल तर दुकानदार त्या तिन्ही एकाच डब्यात, रेड ५ मध्ये लावून देईल आणि दोन डिस्कइतकी जागा मिळेल. मी दोनच डब्यात लावेन आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या मावशीकडे, कपाटात, साड्यांच्या घडीत. जागा एकाच डिस्कइतकी मिळेल. दिवाळीला आणि गणपतीला मावशीकडे जाणं होतंच, तेव्हा तिच्यावर नवे फोटो चढवायचे.